पकडलेल्यांचं काय करायचं?

१७ नोव्हेंबर २०२५ला ढाक्याच्या न्यायाधिकरणाने शेख हसीना यांना फाशीची शिक्षा सुनावली. त्या दिवसापासून माझ्या टाइमलाइनवर दोनच प्रकारच्या पोस्ट दिसतायत. एक, "बरं झालं, हुकूमशहांचं असंच व्हायला पाहिजे." दुसरी, "बघा, भारताच्या मैत्रिणीचं काय केलं त्यांनी." दोन्हीकडे मित्र आहेत, दोन्हीकडे वाद घालून झाला. पण या पोस्टमध्ये मला हसीनांबद्दल फारसं बोलायचंच नाहीये. त्या भारतात आहेत. मला बोलायचंय ते ज्यांना पळून जायला विमान मिळालं नाही त्यांच्याबद्दल.

सत्ता उलटली की पहिल्याच रात्री एक प्रश्न समोर येतो. जुन्या राजवटीचे म्हणून जे पकडलेत, त्यांचं काय करायचं? त्यात खुनी असतात, खबरी असतात, पोटासाठी गणवेश घातलेले असतात, आणि ज्यांचं शेजाऱ्याशी बांधावरून भांडण होतं असेही असतात. सगळे एकाच खोलीत कोंडलेले, आणि बाहेर जमाव.

पहिल्यांदाच एक सांगून टाकतो, म्हणजे कमेंटमध्ये वेळ जायला नको. २०२४च्या जुलै-ऑगस्टमध्ये बांगलादेशात जे झालं ते भयंकर होतं. १ जुलै ते १५ ऑगस्ट या दीड महिन्यात १,४०० पर्यंत माणसं मारली गेली असावीत, असा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अंदाज आहे. बहुतेक सुरक्षा दलांच्या गोळ्यांनी, आणि त्यातली बारा-तेरा टक्के मुलं. याची शिक्षा व्हायलाच हवी. 'झालं गेलं विसरून जा' म्हणणाऱ्यांतला मी नाही. का नाही, ते खाली येईलच.

पण शिक्षा कुणाला, कशासाठी, आणि कुठल्या पद्धतीने?

शाकिब अल हसनचं उदाहरण घ्या, क्रिकेटमुळे तो आपल्याला माहीत आहे. तो अवामी लीगचा खासदार होता. सरकार पडल्यावर ढाक्यातल्या एका गारमेंट कामगाराच्या खुनाच्या केसमध्ये त्याचं नाव आलं. त्या एका केसमध्ये दीडशेच्या आसपास आरोपी, शिवाय शेकडो 'अज्ञात'. शाकिब त्या दिवसांत कॅनडात टी-ट्वेंटी लीग खेळत होता. हे जगाने टीव्हीवर बघितलं, म्हणून त्याच्याबद्दल निदान प्रश्न तरी विचारला गेला. पण त्या यादीत नव्वदाव्या नंबरवर एखादा तालुक्याचा कार्यकर्ता असेल, तो त्या दिवशी कुठे होता हे कोण सांगणार? आणि 'अज्ञात शेकडो' याचा अर्थ आपल्याकडच्या कुठल्याही हवालदाराला विचारा. त्याचा अर्थ असा की, उद्या ज्याला उचलायचं असेल त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवलीय. फेब्रुवारी २०२५मध्ये 'ऑपरेशन डेव्हिल हंट' सुरू झालं. नावातच माणसाला सैतान ठरवून टाकलंय, मग आरोपपत्राची गरजच काय? हजारो लोक पकडले गेले.

हे सगळं बघताना मला एकच शब्द आठवतो. रझाकार.

आम्ही मराठवाड्यातले. आमच्याकडे हा शब्द अजून शिवी आहे. मूळ अर्थ साधा आहे, स्वयंसेवक. पण १९४७-४८मध्ये कासिम रझवीच्या रझाकारांनी गावं लुटली, जाळली, बायकांवर अत्याचार केले, गोरट्यासारखी हत्याकांडं केली, आणि शब्दाचा अर्थ कायमचा बदलला. १९७१ला पूर्व पाकिस्तानात पाकिस्तानी लष्कराने स्थानिक मदतनीस दल उभं केलं, त्याचंही नाव रझाकार. तिथेही शब्द शिवी झाला. तो इतका टिकला की १४ जुलै २०२४ला हसीनांनी आंदोलक विद्यार्थ्यांचा संबंध रझाकारांच्या नातवंडांशी जोडला, आणि त्या रात्री ढाका विद्यापीठातली पोरं "तुमी के, आमी के, रजाकार, रजाकार" म्हणत रस्त्यावर उतरली. पुढच्या तीन आठवड्यांत सरकार गेलं.

आता जरा मागे, डिसेंबर १९७१मध्ये चला. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. त्याच्या दोनच दिवस आधी अल-बद्रच्या लोकांनी प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार घरातून उचलून नेऊन मारले होते. रायरबाजारच्या विटभट्ट्यांजवळ त्यांची प्रेतं सापडत होती. लोकांच्या मनात काय चाललं असेल याची कल्पना करा. १८ डिसेंबरला मुक्तिवाहिनीचे नेते कादर सिद्दिकी यांच्या जाहीर सभेनंतर हात बांधलेल्या काही पकडलेल्या माणसांना हजारो लोकांसमोर संगिनींनी भोसकून मारण्यात आलं. परदेशी फोटोग्राफर हजर होते. काही जण तिथून निघून गेले, आपण कॅमेरे घेऊन उभे राहिलो तर हे जास्तच होईल म्हणून. काही थांबले. त्यांत हॉर्स्ट फास आणि मिशेल लॉरेंट होते. या दोघांच्या फोटोंना पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं.

ते पकडलेले दोषी होते का? असतीलही. पण आता ते कधीच कळणार नाही. जमावाने केलेल्या न्यायाचा हा तोटा कुणी सांगत नाही. त्याने निरपराध मरतो हे तर आहेच, पण दोषी माणसाचा दोषही सिद्ध व्हायचा राहतो. त्याने काय केलं, कुणाच्या हुकमाने केलं, प्रेतं कुठे टाकली, हे सगळं त्याच्याबरोबर जातं. ज्या बाईचा नवरा १४ डिसेंबरला नेला होता, तिला त्या संगिनीतून एक अक्षर उत्तर मिळालं नाही.

शेख मुजीब परत आल्यावर, जानेवारी १९७२मध्ये, दलाल कायदा आला. दलाल म्हणजे शत्रूशी हातमिळवणी केलेला. निदान कोर्ट तरी आलं, आणि ते चांगलंच झालं. पण व्याख्या इतकी सैल, की कुणीही त्यात बसावं. ३७ हजारांवर लोक अटकेत गेले. ऑक्टोबर १९७३ अखेरपर्यंत निकाल किती लागले? २,८४८. त्यातल्या ७५२ जणांना शिक्षा झाली, २,०९६ सुटले.

हा आकडा पुन्हा वाचा. चारातले जवळजवळ तीन सुटले. याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही खरे असू शकतात. एक, पुरावे गोळा करायला कुणाला वेळच नव्हता, म्हणून दोषीही सुटले. दुसरा, मुळात पकडलेच चुकीचे. 'सगळेच रझाकार' म्हणून ज्या खोलीत लोक कोंडले होते, त्या खोलीचा हिशेब हा असा निघाला. आणि हे सुटलेले लोक कोर्टापर्यंत पोचले म्हणून सुटले. १८ डिसेंबरच्या मैदानात पोचले असते तर?

३० नोव्हेंबर १९७३ला मुजीबनी सर्वसाधारण माफी दिली. आज बरेच लोक म्हणतात ती चूक होती. मला तसं वाटत नाही. त्या माफीत खून, बलात्कार, जाळपोळ यांचे आरोपी वगळलेले होते. म्हणजे विचार बरोबर होता. कुणाच्या बाजूला होतास हे सोडून देऊ, काय केलंस ते सांग. सुमारे २६ हजार सुटले, ११ हजार गंभीर आरोपांखाली आत राहिले. इथपर्यंत ठीक होतं. चूक पुढे झाली. त्या ११ हजारांचे खटले वेळेत संपले नाहीत. ऑगस्ट १९७५ला मुजीबची हत्या झाली, आणि ३१ डिसेंबरला दलाल कायदाच रद्द करून टाकला. खटले बुडाले.

बड्यांचं काय झालं तेही बघा. पाकिस्तानी युद्धकैद्यांपैकी १९५ अधिकाऱ्यांवर खटले चालवायचे ठरलं होतं. एप्रिल १९७४मध्ये दिल्लीत तीन देशांचा करार झाला आणि ते १९५ घरी गेले. हुकूम देणारे विमानाने परतले, हुकूम पाळणारे जेलमध्ये. आज हसीना भारतात आणि तालुक्याचा कार्यकर्ता कोठडीत, यात मला तरी नवीन काही दिसत नाही.

आता ज्या कारणाने हे सगळं लिहायला बसलो, ते सांगतो.

आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, १९४८ला स्टेट काँग्रेसच्या सरहद्दीवरच्या कॅम्पमध्ये होते. बार्शीच्या बाजूला. रझाकारांनी त्यांचं घर लुटलं होतं, त्यांच्या चुलत्याला मारलं होतं. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला आणि तीन-चार दिवसांनी आबा गावात आले. तोवर गावाने चौघांना पकडून एका पडक्या वाड्याच्या खोलीत कोंडलं होतं. चौघेही गावचेच, मुसलमान. संध्याकाळी सगळे आबांकडे आले. कॅम्पातून आलेला माणूस, त्याचा शब्द चालणार. "तुम्हीच सांगा, काय करायचं यांचं?"

आबा प्रवासाने थकले होते. घरात चुलत्याचं सुतक अजून मनातून गेलं नव्हतं. ते म्हणाले, "सकाळी बघू."

सकाळी खोली रिकामी होती. चौघांना रात्रीच ओढ्याकडे नेलं होतं.

आबांनी हे मला सांगितलं तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते. ते म्हणाले, त्यातले दोघे लुटीत होते, मी स्वतः ओळखत होतो त्यांना. तिसऱ्याचं मला माहीत नाही. आणि चौथा पिंजारी. त्याला गणवेश घालून दोनदा उभं केलं होतं, तो घाबरून उभा राहिला. त्याने आयुष्यात कापसाशिवाय कशावर हात उगारला नव्हता. मी विचारलं, "आबा, तुम्ही तर मारा म्हणाला नव्हतात." ते म्हणाले, "नको मारू, असं पण म्हणालो नव्हतो. मला माहीत होतं रे, सकाळपर्यंत ते राहणार नाहीत. माहीत होतं म्हणूनच सकाळी म्हणालो."

यावर मी काही बोललो नाही. आजही काही बोलता येत नाही.

तालुक्याला सैन्य आलेलं होतं. बैलगाडीने चार-पाच तास. रात्रीच चार माणसं सोबत देऊन त्यांना तिकडे पोचवता आलं असतं. "क्रांतीच्या धामधुमीत कोर्ट कुठून आणायचं" असं जे विचारतात, त्यांना माझं हे उत्तर आहे. कोर्ट लागत नाही. त्या रात्रीपुरती एक बैलगाडी लागते, आणि "नाही" म्हणणारा एक माणूस.

हे फक्त आमच्या गावात झालं नाही. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने १९४८च्या अखेरीस दौरा करून अहवाल दिला. पोलीस ॲक्शननंतरच्या हिंसेत २७ ते ४० हजार माणसं मेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा हे सर्वांत वाईट जिल्हे. त्याच अहवालात हेही आहे की ठिकठिकाणी हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं. म्हणजे "नाही" म्हणणारी माणसं होती, आणि जिथे ती होती तिथे माणसं वाचली. हा अहवाल पुढची कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. दर १७ सप्टेंबरला आमच्याकडे झेंडावंदन होतं, भाषणं होतात, रझाकारांचे अत्याचार सांगितले जातात. ते सांगायलाच हवेत, माझ्या घरातले आहेत ते. पण ओढ्याकडची रात्र कुणी सांगत नाही.

आणि कासिम रझवी? त्याच्यावर रीतसर खटला चालला. वकील मिळाला, शिक्षा झाली, ती भोगून १९५७ला तो सुटला आणि पाकिस्तानात गेला. लातुरात वकिली केलेल्या रझवीला कायद्याचं संरक्षण मिळालं. आमच्या पिंजाऱ्याला एक सकाळसुद्धा मिळाली नाही.

काही जण म्हणतील, हे सगळं भावनिक झालं, मुद्दा काय? मुद्दा सरळ आहे. पकडलेल्या माणसाचा निर्णय करण्याच्या दोन वाईट पद्धती आहेत. एक, रात्रीतच उरकणं. दुसरी, अनंतकाळ 'सकाळी बघू' म्हणत राहणं. आपण पहिलीला क्रूर म्हणतो आणि दुसरीला संयमी. माझ्या मते दुसरीही तितकीच घातक आहे. कारण जो निर्णय तुम्ही घेत नाही, तो दुसरं कुणीतरी, दुसऱ्या हेतूने घेतं.

बांगलादेशात नेमकं हेच झालं. १९७५ला बुडालेले खटले २०१०मध्ये वर आले, हसीनांच्या सरकारने न्यायाधिकरण नेमलं तेव्हा. जवळपास चाळीस वर्षांनी. साक्षीदार म्हातारे किंवा मेलेले, आरोपी तोवर विरोधी पक्षाचे पुढारी झालेले. ५ फेब्रुवारी २०१३ला अब्दुल कादर मुल्लाला जन्मठेप झाली, आणि शाहबाग चौकात लाखो लोक फाशी मागायला जमले. लोकांचा राग मला समजतो, त्यांचं दुःख खरं होतं. पण मग सरकारने काय केलं? निकाल लागून गेल्यावर कायदा बदलला, सरकारला अपील करता यावं म्हणून. अपिलात फाशी झाली, डिसेंबरमध्ये अंमलबजावणीही झाली. तेव्हा आपल्याकडच्या पुरोगामी मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मीही एक पोस्ट लाइक केली होती, खोटं कशाला बोलू.

आज त्याच कायद्याखाली, त्याच न्यायाधिकरणाने, हसीनांनाच त्यांच्या गैरहजेरीत फाशी सुनावलीय. आणि मे २०२५मध्ये, ज्या जमातच्या नेत्याला त्या न्यायाधिकरणाने फाशी दिली होती, त्या अझहरुल इस्लामला सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. तो तेव्हा दोषी होता की आता निर्दोष आहे? ज्यांची माणसं १९७१ला गेली त्यांनी कशावर विश्वास ठेवायचा? सरकार बदललं की निकाल बदलत असेल, तर दोषी सुटतो आणि निर्दोष सुटला तरी डाग तसाच राहतो. मेलेल्यांना तर दोन्हीकडून काहीच मिळत नाही.

मग करायचं काय? मी कायदेपंडित नाही, पण इतक्या अनुभवावरून चार गोष्टी तरी सांगता येतात.

एक, पकडलेल्या प्रत्येकाची नोंद. नाव, कुणी पकडलं, कुठे ठेवलं. लेखी. ज्याची पावती आहे तो माणूस गायब करणं अवघड जातं.

दोन, आरोप कृत्याचा हवा, बाजूचा नको. 'अवामी लीगचा होता' हा गुन्हा नाही. 'अमुक दिवशी अमुक ठिकाणी गोळी चालवली किंवा चालवायला सांगितली' हा गुन्हा आहे. शंभर नावं आणि शेकडो अज्ञात, अशी फिर्याद घ्यायचीच नाही.

तीन, तारीख. अमुक दिवसांत आरोप ठेवा, नाही तर सोडा. मुजीबची माफी अर्धी बरोबर होती, तिला तारीख नव्हती म्हणून ती फुकट गेली.

चार, शिक्षा अशी हवी की चूक निघाली तर मागे घेता येईल. क्रांतीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत फाशी नकोच. त्या काळात कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं, न्यायाधीशांचंही.

आणि ज्यांना वाटतं की लेबल लावलं की काम झालं, त्यांनी ढाक्याच्या मोहम्मदपूरमधली जिनिव्हा कॅम्प नावाची वस्ती आठवावी. १९७१ला उर्दूभाषक बिहारी 'पाकिस्तानचे' म्हणून तिथे अडकले. त्यातल्या काहींनी अत्याचार केले होते, हे खरं. पण त्या वेळी जी पोरं लहान होती किंवा जन्मलीही नव्हती, त्यांना नागरिक मानायला हायकोर्टाचा निकाल यावा लागला, २००८मध्ये. सदतीस वर्षं.

आपल्याकडेही आता कुणाला काय म्हणायचं हे फार झटपट ठरतं. देशद्रोही, गद्दार, अर्बन नक्षल, भक्त. शब्द चिकटला की पुढचं सगळं सोपं होतं. बांगलादेशवरच्या पोस्टखाली "भर चौकात लटकवा" लिहिणारे दोन्ही बाजूंना आहेत, आणि त्यातले काही माझे नातेवाईक आहेत. त्यांना ओढ्याची गोष्ट माहीत आहे. आबांनी ती त्यांनाही सांगितली होती.

आबा गेले त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या हस्ते गावात झेंडावंदन होतं. स्वातंत्र्यसैनिक म्हणून शाल-श्रीफळ दिलं. भाषण करा म्हणाले, तर ते उठले आणि नुसतेच उभे राहिले. सगळ्यांना वाटलं वयामुळे विसरले. त्यांनी हात जोडले आणि खाली बसले. मला वाटतं त्यांना काय सांगायचं होतं ते मला माहीत आहे. त्यांच्याच्याने झालं नाही, म्हणून मी लिहिलंय.